धाप लागण्याआधीचे दोन दिवस

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात १४ वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. भारतातला हा पहिला बळी. बातमी आली आणि दोन-तीन दिवसांत शहराचा चेहराच झाकला गेला. दुचाकीवरच्या मुलींचा स्कार्फ पुण्याला नवा नव्हता. आता रिक्षावाल्यांच्या, बँकेतल्या कारकुनांच्या, शाळेच्या शिपायांच्या नाकावरही रुमाल चढले. औषधांच्या दुकानांतले मास्क संपले. खिशाखिशांत कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या आल्या. शाळा बंद झाल्या, मॉल आणि चित्रपटगृहं बंद झाली, मुंबईत अनेक मंडळांनी त्या वर्षीची दहीहंडी रद्द केली. आणि पुण्यातल्या नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या.

रांगेतल्या जवळजवळ प्रत्येकाला एकच गोष्ट हवी होती. घशाचा नमुना घ्या, राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवा आणि पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते सांगा. भीती खरी होती, त्यामुळे मागणीही साहजिक होती. पण अहवालाच्या त्या एका शब्दावरून रोग्याचं पुढे काय होणार, हे कळत नव्हतं. पॉझिटिव्ह आलेली बहुतेक माणसं आठवड्याभरात कामावर परतली. काहींचा अहवाल येईपर्यंत त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. या दोघांमधला फरक प्रयोगशाळेतल्या नळीत दिसत नाही. तो दिसतो तापाच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी, रोग्याच्या छातीच्या भात्यात. त्या दिवशी त्याच्याकडे दुसऱ्यांदा कुणी बघितलं की नाही, यावर फ्लूच्या साथीतलं जगणं-मरणं मोठ्या प्रमाणात ठरतं. आपली सगळी व्यवस्था मात्र पहिल्या भेटीसाठी उभी आहे.

फ्लूची सुरुवात ओळखता येते. साधं पडसं हळूहळू चढतं. आधी नाक चोंदतं, मग घसा धरतो, मग कणकण. फ्लू झालेला माणूस मात्र वेळ सांगतो. दुपारी जेवून उठलो आणि हुडहुडी भरली, म्हणतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशी, ताप येतो. सोबत कोरडा खोकला, घसादुखी, डोकेदुखी आणि अंग असं मोडून येतं की कूस बदलणंही नको होतं. २००९च्या विषाणूने आणखी एक खोड दाखवली. उलट्या-जुलाब नेहमीच्या फ्लूपेक्षा जास्त जणांना झाले. अमेरिकेत तर सुमारे पाव रुग्णांनी ही तक्रार सांगितली. काहींना ताप आलाच नाही, नुसता खोकला. विमानतळांवर बसवलेली ताप मोजणारी यंत्रं अशांना अडवणार कशी? भारतातला पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबादेत सापडला, तो अमेरिकेहून विमानाने आलेला होता. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि पावसाळा सुरू होईपर्यंत विषाणू विमानतळ मागे टाकून शाळांमध्ये पोहोचला होता.

पाचगणीच्या एका निवासी शाळेत त्या पावसाळ्यात हा विषाणू शिरला आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या साथीचा तपास केला. एकत्र जेवणारी, एका खोलीत झोपणारी मुलं. आजार भराभर पसरला. आजार मात्र बहुतेकांत सौम्य राहिला. फ्लूच्या महासाथीचं हे मोठं, शांत अंग आहे आणि ते बातमीत येत नाही. पाच-सात दिवसांत ताप उतरतो, खोकला आणि थकवा आणखी पंधरवडा रेंगाळतो, माणूस उठून कामाला लागतो. २००९च्या साथीवर जगभर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत लक्षणं दिसलेल्या दर १० हजारांमागे मृत्यूंची संख्या एक ते दहाच्या दरम्यान निघाली.

मग वर्तमानपत्रात दहा टक्के मृत्युदर कुठून येतो? २०१५ साली महाराष्ट्रात स्वाइन फ्लूचे साडेआठ हजारांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ९००हून अधिक दगावले. भागाकार केला तर अंगावर काटा येतो. पण नोंद झालेले रुग्ण म्हणजे मुख्यतः इतके आजारी की त्यांची तपासणी करावी लागली असे. घरी पेज पिऊन बरे झालेले लाखो जण छेदात नाहीत. दुसरीकडे, तपासणी न होताच न्यूमोनियाने गेलेले अंशात नाहीत. २००९-१०च्या पहिल्या वर्षात जगभरात प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेले मृत्यू सुमारे साडेअठरा हजार होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने खरा आकडा श्वसनविकाराने गेलेले दोन लाख आणि हृदयविकाराने गेलेले ८३ हजार इतका असावा, असा अंदाज मांडला. म्हणजे नोंदलेल्याच्या सुमारे पंधरा पट. त्यांतले निम्म्याहून अधिक आफ्रिका आणि आग्नेय आशियातले. जिथे तपासणीच होत नाही, तिथलं मरण कुणाच्या वहीत चढत नाही.

आता त्या थोड्यांकडे वळू, ज्यांचा आजार सरळ वाटेने जात नाही.

२००९ मध्ये जगातल्या डॉक्टरांनी जे पाहिलं ते एका साच्यातलं होतं. पहिले दोन-तीन दिवस रोगी इतरांसारखाच. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास धाप सुरू होते. आधी जिना चढताना, मग संडासला जाऊन येताना, मग बोलताना वाक्य तुटतं. एकदा हे सुरू झालं की अनेकांत २४ तासांच्या आत अतिदक्षता विभागाची वेळ आली. विषाणू नाक-घसा ओलांडून फुप्फुसांच्या टोकाशी, वायुकोशांपर्यंत पोहोचलेला असतो. तिथे सूज येते, पाणी झिरपतं, प्राणवायू रक्तात उतरत नाही. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसतात. दुसरी वाट थोडी वेगळी आहे. ताप उतरतो, घरचे सुस्कारा टाकतात, दोन दिवसांनी पुन्हा थंडी वाजून ताप चढतो आणि पिवळट किंवा रक्तमिश्रित बेडका पडू लागतो. विषाणूने खरवडून ठेवलेल्या श्वासनलिकेत जिवाणूंनी घर केलेलं असतं. अमेरिकेत २००९ मध्ये मरण पावलेल्या ७७ जणांच्या फुप्फुसांचे नमुने तपासले, तेव्हा २२ जणांत असा जिवाणूंचा जोडसंसर्ग सापडला. पहिल्या वाटेवर फ्लूचं औषध आणि प्राणवायू लागतो, दुसऱ्या वाटेवर योग्य अँटिबायोटिकही लागतं. कोणती वाट आहे हे सांगायला रोग्याला पुन्हा तपासावं लागतं. पहिल्या दिवशीच्या कागदावर ते लिहिलेलं नसतं.

लहान मुलांची धाप आईला आधी कळते. बाळाचं पोट उडतंय, ती म्हणते. बरगड्यांखाली खड्डा पडतो, नाकपुड्या फेंदारतात, बाळ दूध सोडतं, उगाच किरकिरतं किंवा मलूल पडून राहतं. ही सगळी धोक्याची लक्षणं आहेत आणि ती ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही. थोरांमध्ये छातीत दुखणं, ग्लानी, असंबद्ध बोलणं, नखं-ओठ निळसर पडणं, रक्तदाब उतरणं. एखाद्या मधुमेह्याची साखर अचानक हाताबाहेर जाणं, हीसुद्धा फ्लूची खूण असू शकते.

हे कुणाच्या वाट्याला येतं, यातही २००९ने जुने हिशेब चुकवले. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना नेतो. या वेळी मेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के ६५ वर्षांखालचे होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या ७२२ जणांत ९२ टक्क्यांहून अधिक ६५च्या आतले. त्यांतल्या दर अकरा जणांमागे एक गरोदर स्त्री होती आणि चौथ्या हिश्श्याहून जास्त जण अतिलठ्ठ होते. लठ्ठपणा हा फ्लूमधला एवढा मोठा धोका आहे, हे तोवर कुणी ठळकपणे नोंदलं नव्हतं. अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या एक टक्का, पण स्वाइन फ्लूच्या मृत्यूंत पाच टक्के. वाढत्या गर्भामुळे श्वासपटल वर ढकललेलं असतं, फुप्फुसांना पसरायला जागा कमी पडते, शरीराची प्रतिकाराची घडी बदललेली असते. दिवस भरत आलेल्या बाईला थोडी धाप असतेच म्हणून तिची तक्रार घरात आणि दवाखान्यातही हसण्यावारी जाते. फ्लूच्या दिवसांत ती हसण्यावारी नेणं म्हणजे दोन जीव पणाला लावणं.

म्हातारी माणसं तुलनेने वाचली याचं कारण विलक्षण आहे, आणि ते थेट १९१८पर्यंत जातं. २००९च्या विषाणूच्या कवचावरचं मुख्य प्रथिन १९१८च्या महासाथीच्या विषाणूपासून, डुकरांच्या मार्गाने, उतरलेलं होतं. त्याच १९१८च्या विषाणूचे मानवी वंशज १९५७पर्यंत माणसांत फिरत होते. त्याआधी जन्मलेल्यांच्या रक्तात त्यांची ओळख शिल्लक होती. साठ-सत्तर वर्षांपूर्वी लहानपणी काढलेल्या तापाने आजी-आजोबांना २००९ मध्ये राखलं, आणि त्यांच्या नातवंडांना ते कवच मिळालेलं नव्हतं.

त्या १९१८च्या तापाला महाराष्ट्रातली खेडी मानमोडी म्हणत. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. मग गोदी कामगार, मग गिरण्या. जून-जुलैची लाट सौम्य गेली. सप्टेंबरात तोच आजार परतला तो वेगळाच होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. वीस ते चाळीस वयाची, कमावती, धडधाकट. नाकातून रक्त, तोंडाला फेस, चेहऱ्यावर जांभळट काळी छाया आणि दोन-तीन दिवसांत शेवट, अशी वर्णनं जगभरच्या इस्पितळांतून मिळतात. त्या काळच्या जतन केलेल्या फुप्फुसांचे तुकडे अलीकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुसंख्य मृत्यू विषाणूनंतर शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले असल्याचं दिसलं. पेनिसिलिनचा शोध तेव्हा अजून दहा वर्षं दूर होता. भारतात त्या साथीने दीड कोटीहून अधिक माणसं नेली असा अंदाज आहे, आणि १९२१च्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली.

त्या साथीचा मुंबईतला एक तक्ता मात्र प्रत्येक आरोग्य अधिकाऱ्याने टेबलाच्या काचेखाली ठेवावा असा आहे. दर हजारी मृत्यू: युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जातीचे म्हटलं जाई त्यांच्यात ६१.६. शहर एक, समुद्राची हवा एक, विषाणू एक. खोलीत किती माणसं झोपतात, तापात उठून कामावर जावं लागतं का, पाणी द्यायला घरात कुणी उभं आहे का, यावर मरणाचं प्रमाण सातपट बदललं. नव्वद वर्षांनी अमेरिकेने २००९च्या मृत्यूंची नोंद तपासली, तेव्हा तिथल्या मूळनिवासी समाजांत मृत्युदर इतरांच्या चौपट निघाला. औषध होतं, व्हेंटिलेटर होते. दरी तरीही बुजली नाही.

देशादेशांतही ती दरी दिसली. मेक्सिकोत, जिथे साथ सर्वांत आधी उसळली, पहिल्या ५८ अत्यवस्थ रुग्णांपैकी ४१ टक्के दोन महिन्यांत दगावले. कॅनडातल्या १६८ अत्यवस्थ रुग्णांत हे प्रमाण १७ टक्के, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या ७२२ जणांत १४ टक्के. रुग्णांची निवड सारखी नव्हती, मेक्सिकोला तर आपण कशाशी झुंजतो आहोत हेही सुरुवातीला ठाऊक नव्हतं. त्यामुळे आकडे शेजारी ठेवताना सांभाळून ठेवावे लागतात. तरीही वेळेवर मिळालेला प्राणवायू, मोकळी खाट आणि रात्रपाळीला पुरेशा परिचारिका यांचं वजन या आकड्यांत आहे, हे अमान्य करता येणार नाही.

औषधाबद्दलही नीट बोललं पाहिजे, कारण टॅमिफ्लूभोवती आपल्याकडे आधी भयंकर टंचाई आणि मग भयंकर गैरसमज झाले. २००९च्या साथीच्या सुरुवातीला ते फक्त ठरावीक सरकारी रुग्णालयांत मिळे. दुकानांत ठेवायची परवानगी मिळाली तीही मोजक्या, खास परवानाधारक दुकानांना. पुढे काही वर्षांनी हे बंधन सैल झालं. ऑसेल्टामिविर हे त्याचं मूळ नाव. पेशीत तयार झालेले नवे विषाणू बाहेर सुटू नयेत, एवढंच काम ते करतं. जे आधीच पसरलेत त्यांना मारत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची. धडधाकट माणसाच्या साध्या फ्लूत ते आजारपण अर्ध्या-पाऊण दिवसाने कमी करतं, त्याहून फार काही नाही, असा निष्कर्ष २०१४ मध्ये वैद्यकीय अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या समीक्षकांनी काढला. त्याच वर्षी ३८ देशांतल्या २९ हजारांवर रुग्णांच्या नोंदी एकत्र करून दुसरा अभ्यास आला. इस्पितळात दाखल झालेल्यांत पहिल्या दोन दिवसांत औषध सुरू केलेल्यांच्या मृत्यूची शक्यता उशिरा सुरू केलेल्यांच्या साधारण निम्मी, असं त्यात दिसलं. या दुसऱ्या अभ्यासाला औषध बनवणाऱ्या कंपनीचा पैसा होता, हे वाचकांना सांगायलाच हवं. पण दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. हिंडत्या-फिरत्या माणसाला या गोळीचा फारसा उपयोग नाही. ज्याची धाप सुरू होणार आहे त्याला आहे, आणि तो अहवालाची वाट बघत दोन दिवस घालवू शकत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००९ मध्येच या सगळ्याची सोपी वर्गवारी करून दिली होती. ‘अ’ गटात किरकोळ ताप-खोकला: तपासणी नको, टॅमिफ्लू नको, घरी विश्रांती. ‘ब’ गटात जोराचा ताप आणि तीव्र घसादुखी, किंवा गरोदरपण, लहान वय, म्हातारपण, मधुमेह, दमा, हृदयविकार असे धोके: घरीच वेगळं राहणं, तपासणी नको, पण डॉक्टरांनी औषधाचा विचार करायचा, धोक्यातल्या लोकांना ते द्यायचंच. ‘क’ गटात धाप, ग्लानी, निळी नखं: ताबडतोब दाखल, ताबडतोब औषध, आणि तपासणीही. आणि ‘अ’ गटाच्या खाली एक ओळ होती. रुग्णाला डॉक्टरांनी २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासावं.

ही ओळ कागदावरच राहिली.

ती का राहिली, हे कुठल्याही चाळीत किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत समजेल. पहिल्या दिवशी माणूस अर्धा रोज बुडवून दवाखान्यात जातो, डॉक्टरांना इंजेक्शन द्यायला लावतो, तीन दिवसांच्या गोळ्यांची पुडी घेतो. व्हायरल आहे, उतरेल, हे ऐकून त्याला बरं वाटतं. डॉक्टरांनी सांगितलेलं बहुतेक वेळा खरंही असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा फी, पुन्हा खाडा. बाई असेल तर घरातलं कुणी सोबत यायला हवं. त्यामुळे पुडी संपेपर्यंत थांबायचं, हे गणित ठरलेलं. तीन दिवसांची पुडी आणि तिसऱ्या दिवसापासून लागणारी धाप यांचा मेळ असा बसतो की माणूस दवाखान्याच्या दारात पोहोचतो तेव्हा त्याला रिक्षातून हाताला धरून उतरवावं लागतं. मग तिथून दुसऱ्या रुग्णालयात, तिथे व्हेंटिलेटर नाही म्हणून तिसऱ्या. यात कुणा एका डॉक्टराला दोषी धरून चालणार नाही. दुसऱ्या भेटीचा खर्च कुणीच उचललेला नाही, खरी गोम तिथे आहे.

आणि ही भेट घडवता येते, हे महाराष्ट्राने करून दाखवलेलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघरी गेले. कपाळाशी तापमापक, बोटाला ऑक्सिमीटर, आणि ठरावीक दिवसांनी पुन्हा दुसरी फेरी. कोविडच्या त्या दोन वर्षांत सहा मिनिटं चालून प्राणवायूची पातळी किती उतरते ते बघायचं, हे खेड्यातल्या सुनांना आणि शहरातल्या सोसायट्यांच्या सचिवांना सारखंच पाठ झालं होतं. ती चाचणी फ्लूच्या न्यूमोनियालाही तितकीच लागू पडते. आज ते ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये बॅटरी गळून पडले आहेत. लाखो लोकांनी मोठी किंमत मोजून शिकलेली गोष्ट अशी विसरली जावी, याचं दुःख वाटतं.

कारण २००९चा विषाणू गेलेला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये महासाथ संपल्याचं जाहीर झालं, त्यानंतर तो नेहमीच्या फ्लूत मिसळून गेला आणि दरवर्षी थोडा-फार बदलून येतो. देशात २०१५ साली नोंदलेले मृत्यू २,९९० होते. महासाथीच्या २००९ सालातल्या ९८१च्या तिप्पट. २०१७ मध्ये पुन्हा २,२७०. महासाथ ओसरल्यावर भीती ओसरली आणि भीतीबरोबर लक्षही. २०१५ किंवा २०१७च्या मृत्यूंवरून नायडूबाहेर रांगा लागल्याचं कुणाला आठवत नाही.

लस आहे. २०१० सालीच देशी कंपन्यांनी ती बनवली; पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची, अहमदाबादच्या कंपनीची टोचायची. आता हंगामी लशीत हा विषाणू धरलेलाच असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये गरोदर स्त्रियांना या लशीसाठी सर्वांत पुढचं स्थान द्यायला सांगितलं होतं. आईला टोचलेल्या लशीने जन्मलेल्या बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. त्या वयात बाळाला स्वतःला ही लस देता येत नाही. गरोदरपणी धनुर्वाताचं इंजेक्शन आपल्याकडे सहसा कोणतीही बाई चुकवत नाही, कारण ते प्रत्येक उपकेंद्रावर मिळतं आणि कार्डावर त्याचा रकाना असतो. फ्लूच्या लशीला तसाच रकाना मिळाला आणि लस पावसाळ्याआधी उपकेंद्रावर पोहोचली, तर तिच्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागणार नाही.

दुसऱ्या भेटीसाठी लागणारी व्यवस्थाही अवजड नाही. फ्लूच्या दिवसांत तापाच्या रुग्णाच्या केसपेपरवर पुन्हा बोलावण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती भेट सरकारी दवाखान्यात नवा केसपेपर न काढता, खासगीत विनाशुल्क असावी; इंडियन मेडिकल असोसिएशनच्या शाखांनी मनावर घेतलं तर खासगी दवाखान्यांतही हे घडू शकेल. जो येणार नाही त्याला, निदान गरोदर बाई, लहान मूल आणि मधुमेही यांना, आशाताईचा फोन किंवा फेरी जावी आणि त्या कामाचा मोबदला आशाताईला मिळावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑसेल्टामिविरचा साठा असावा आणि अहवालाची वाट न बघता ते सुरू करण्याचा अधिकार तिथल्या डॉक्टराने वापरला तर त्याला जाब विचारला जाऊ नये.

आणि आणखी एक. फ्लूने झालेल्या मृत्यूची छाननी करताना चार तारखा हाताशी येतात: ताप कधी आला, पहिल्यांदा डॉक्टरांना कधी दाखवलं, औषध कधी सुरू झालं, प्राणवायू कधी लागला. या तारखा फायलीत राहतात. महापालिका आणि जिल्हा परिषदा दर आठवड्याला पत्रकात मृतांचा आकडा देतात, त्या आकड्याशेजारी, नाव-गाव न सांगता, या चार तारखांमधलं अंतर दिवसांत छापावं. पुढच्या पावसाळ्यात, साथ पसरू लागली की पहिल्याच पत्रकापासून.